जामीन

अंगणात नाल मारलेल्या वहाणांचा आवाज झाला तशी सोनाने पेजेची वाटी खाली ठेवली, बनुबाईंच्या हनुवटीवर ओघळलेला थेंब पदराने टिपला आणि शिडी चढून ती माळ्यावर गेली. शिडीची मधली पायरी करकरायची, ती तिने सवयीने ओलांडली. भाताच्या कणगीमागे गुडघे पोटाशी घेऊन ती बसली. खाली बनुबाई अर्धपोटी तशाच पडून राहिल्या. त्यांना मान वळवता येई आणि उजवा हात थोडा उचलता येई. बाकीचं अंग ब्रह्मदेशात मोलमेनला असताना एका सकाळी गेलं, ते परत आलंच नाही.

ओसरीवर पोलीस शिपाई बोलत होता. माळ्यावर शब्द पोचत नव्हते, नुसता आवाज येत होता. मोरेसाहेब मधूनमधून हसत होते. थोड्या वेळाने वहाणा अंगणातून बाहेर पडल्या आणि शिडीखाली मोरेसाहेबांचा शांत आवाज आला.

"गेला तो. ये खाली."

सोना उतरली. तिच्या केसांना कोंडा लागला होता.

"काय म्हणत होता?" तिने विचारलं.

"दुसरं काय म्हणणार? तुझीच चौकशी. मी सांभाळून घेतलं. तू कशाला जिवाला लावून घेतेस? मी आहे ना."

तिने मान हलवली आणि पेज पुन्हा कोमट करायला ती चुलीकडे गेली.

तिचं खरं नाव मा श्वे. श्वे म्हणजे सोनं, हे कळल्यावर बनुबाईंनीच तिचं नाव सोना ठेवलं होतं. दत्ताराम मोरे ब्रह्मदेशात सरकारी रस्त्यांवर ओव्हरसियर होते. बायको अंथरुणाला खिळली तेव्हा शेजारच्या विधवेची ही मुलगी त्यांनी शुश्रूषेला ठेवली. पुढे पेन्शन घेऊन महाडला परतायचं ठरलं, तेव्हा बनुबाईंना आगबोटीतून आणि रेल्वेतून उचलून आणायला माणूस हवं होतं. मोरेसाहेबांनी तिच्या आईला शब्द दिला होता. दोन पावसाळे जाऊ देत, बायकोची काही व्यवस्था लागली की मुलीला परत पाठवतो. आईने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती घरात निघून गेली. बोट सुटेपर्यंत थांबणं तिला जमलं नसावं.

महाडला आल्यावर व्यवस्था अशी काही लागली नाही. बायका ठेवल्या, त्या टिकल्या नाहीत. बनुबाईंना दिवसातून कितीदा तरी कुशीवर वळवावं लागे, नाहीतर पाठीला जखमा होत. ते सोनाच्या हातांनाच जमे. ती लुगडं नेसायला शिकली, भाकरी थापायला शिकली. तिची मराठी स्वयंपाकघरात, घरकाम करणाऱ्या ठकूबाईकडून आलेली, म्हणून मोऱ्यांच्या घरात सगळे आहे-नाही बोलत आणि सोना हाय-नाय. बनुबाईंना त्याचं फार हसू येई. दुपारी त्या तिला उशाशी बसवून आपल्या हलत्या हाताने तिचे केस विंचरायचा प्रयत्न करीत. घर वाईट नव्हतं, असंच सोना कोणालाही सांगायची.

मग सदतीस सालच्या एप्रिलात एके दिवशी मोरेसाहेब कचेरीतून आले, टोपी काढून झोपाळ्यावर बसले आणि त्यांनी तिला हाक मारली.

"सोना, तुझा मुलूख आता वेगळा झाला. ब्रह्मदेश हिंदुस्थानातून काढला सरकारने. तू इथं परकी झालीस."

तिला कळेना. "मी तर हितंच हाय," ती म्हणाली.

"आहेस, पण आता सरकारच्या मर्जीने राहायचं. मी कचेरीत जाऊन तुझा जामीन राहिलोय. माझ्या घरात आहेस तोवर तुला कोणी हात लावणार नाही. फक्त बाजारात फार हिंडायचं नाही आणि पोलिसाच्या नजरेला पडायचं नाही."

आतल्या खोलीत बनुबाई जाग्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. सोनाने मात्र आपल्या देशाच्या रीतीने दोन्ही गुडघे टेकून साहेबांच्या पायांपुढे कपाळ जमिनीला लावलं.

त्यानंतर माळा हे तिचं दुसरं घर झालं. बाजारहाट ठकूबाई करू लागली. गेल्या फाल्गुनात गावातला सयाजी मेस्त्री मोलमेनच्या लाकडाच्या गिरणीतून रजेवर आला आणि ओसरीवर साहेबांशी बोलून गेला. तो गेल्यावर साहेबांनी तिला सांगितलं की तिची आई उठत नाही आणि मुलीचं नाव काढते. सोनाने जाऊ देता का म्हणून विचारलं.

"मी तुला अडवतो का?" मोरेसाहेब म्हणाले. "पण बंदरावर कागद मागतील. जामिनावरची बाई निघून गेली असं झालं तर माझं पेन्शन थांबेल. मग हिच्या औषधाचं काय करायचं, ते तूच सांग."

सोनाने ते कधीच सांगितलं नाही. गणपती गेल्यावर आई वारल्याचं कळलं. त्या दिवशी बनुबाईंनी पेज घेतली नाही. सोनाला वाटलं, आपल्या दुःखात बाई उपाशी राहिल्या. तिने त्यांचे पाय चेपले आणि दोघी रडल्या.

शिपाई येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सवला जायचं होतं. मार्गशीर्षापासून बनुबाईंना सवच्या गरम पाण्याच्या कुंडात बसवावं असं वैद्यांनी सांगितलं होतं. पोलादपूरच्या वरच्या वाडीतला हैबती आपली बैलगाडी घेऊन येई. गाडीला मागेपुढे चादरी लावायच्या आणि गाव जागं व्हायच्या आत निघायचं, अशी साहेबांची ताकीद होती. बनुबाईंचं डोकं मांडीवर घेऊन सोना बसली. पलीकडे ठकूबाई पेंगत होती.

हैबती बैलांशी बोलता बोलता तिच्याशी बोलू लागला.

"साहेबांना आता रोज बोलावनं यायचं बघ. काल मी गोठ्याशी बैल बांधत होतो, शिपाय सांगत होता. पोलीस लायनीतल्या हिरीचा कठडा फाटलाय. फौजदार म्हंतो, मोरेसाहेबांनी एकडाव बघून जावा."

"हिरीचं बोलत होता?" सोनाने विचारलं.

"दुसरं काय बोलंल तो?"

सोनाने खाली पाहिलं. गाडी दगडावरून गेली आणि बनुबाईंचं डोकं हललं. तिने ते दोन्ही हातांनी सावरलं. बनुबाई चादरीच्या फटीतून बाहेर बघत होत्या. बाहेर अजून नीट उजाडलंही नव्हतं.

सवच्या कुंडावर बायकांच्या बाजूला एकच म्हातारी होती, बिरवाडीची बयाबाई. ती गुडघे पाण्यात सोडून बसली होती. सोनाने आणि ठकूबाईने बनुबाईंना पायरीवर बसवलं. वाफ तोंडावर येत होती. ठकूबाईने बाईंना मागून धरलं आणि सोना कोरडं लुगडं आणायला गाडीकडे निघाली.

आडोशाच्या भिंतीपलीकडे एक म्हातारा बायकोचं गाठोडं घेऊन बसला होता. डोक्याला पटका, मिशा वर वळवलेल्या. त्याने सोनाकडे निरखून पाहिलं आणि सहज विचारलं,

"नेकाँ ला?"

बरी आहेस ना, एवढंच त्याने विचारलं होतं. पण ते तिच्या भाषेत होतं, आणि ती भाषा दुसऱ्याच्या तोंडून तिने महाडला आल्यापासून ऐकली नव्हती. सोना जागच्या जागी उभी राहिली. उत्तर ओठांपर्यंत आलं आणि तिने ते गिळलं. पदर पुढे ओढून ती म्हणाली, "मी पोलादपूरची."

म्हातारा हसला नाही. "बरं. पोलादपूरची तर पोलादपूरची. मी पलटनीत मंडालेला होतो. तिकडली मान्सं चेहऱ्यावरनं वळखतो मी."

"तुमी पोलिसात हाव?"

"नाय गो. पेन्सनीत निघालो. येसाजी म्हंतात मना, बिरवाडीला ऱ्हातो. ती आत बसलीय ती माझी कारभारीन."

सोना दोन पावलं गेली आणि मागे आली. "कुनाला सांगू नका," ती हळू म्हणाली. "साहेब माझं जामीन हायत. मी बाहेर दिसली तर त्यांना तरास हुईल."

"कसलं जामीन?"

तिने सांगितलं. येसाजी ऐकत राहिला. त्याने विडी काढली, पण पेटवली नाही.

"आमच्या आळीतला एकजन दिवाळीला रंगूनसनं आला," तो म्हणाला. "तिकडलीच बायको घेऊन आला. बाजारात जाती, नदीवर जाती. तिला कुनी काय इचारलं नाय. संक्रांत झाली की दोघं परत चाललीत. तुला हे जामिनाचं कुनी सांगितलं?"

"साहेबांनीच."

येसाजीने विडी पुन्हा पटक्यात खोचली. "मोठी मान्सं हायत. त्यांना काय म्हाईत असंल तर असंल. पर तू एकडाव कचेरीत जाऊन इचार, पोरी. इचारायला कुनी धरत नाय."

सोना लुगडं घेऊन कुंडावर परतली. आडोशाची भिंत जेमतेम खांद्याएवढी होती. पाण्यात बसलं की बनुबाई नेहमी बोलत, पाखरांची नावं विचारत, वाफेला हसत. आज त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या. सोनाने ठकूबाईच्या हातून त्यांना आपल्याकडे घेतलं आणि पाठीवर पाणी घालू लागली.

"बाई, पानी लय गरम हाय?"

बनुबाईंनी मान हलवली. नाही म्हणाल्या की हो, ते कळलं नाही.

परतताना महाडच्या वेशीत शिरल्यावर सोनाने पुढची चादर बाजूला केली. "हैबतीदादा, कचेरीपाशी मना उतरव. ठकूबाय, तू बाईंना घरी ने."

"सोना, नको जाऊस," बनुबाई म्हणाल्या.

"का नको, बाई?"

बनुबाईंचे ओठ हलले.  मग त्या म्हणाल्या, "ऊन लागेल तुला."

सोना मामलेदार कचेरीच्या पायऱ्या चढली. अव्वल कारकून चष्मा कपाळावर चढवून चहा पीत होता. ती दाराशी उभी राहिली आणि पाठ केल्यासारखं म्हणाली की मी ब्रह्मदेशची, मोरेसाहेबांकडे असते, माझ्या जामिनाचं बघायला आले.

कारकुनाने तिला आत बोलावलं. त्याला तिचं म्हणणं दोनदा ऐकावं लागलं.

"कसला जामीन, बाई? ब्रह्मदेश वेगळा झाला हे खरं, पण राजा तोच आहे. तुम्ही त्याचीच प्रजा. इथं राहा, नाहीतर उद्या परत जा, तुम्हाला कोण विचारतंय? आणि हे मी मोरेसाहेबांना तेव्हाच सांगितलं होतं."

"तेवा म्हंजे कवा?"

"वेगळं झाल्याची बातमी आली तेव्हाच ते स्वतः आले होते. आमच्याकडे एक मुलगी आहे, तिला काही अडचण यायला नको, काय लिहून द्यायचं असेल ते देतो म्हणाले. मीच म्हटलं, काही द्यायला नको." त्याने कपातला शेवटचा घोट घेतला. "फार काळजी आहे त्यांना तुमची. असा मालक सगळ्यांना मिळत नाही."

सोना पायऱ्या उतरली. चालत बाजारपेठेतून घरी आली. दुकानांपुढे माणसं होती, कोपऱ्यावर एक शिपाई उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे पाहिलं.

मोरेसाहेब झोपाळ्यावर होते. ती उंबऱ्याशी थांबली.

"कचेरीत जाऊन आली मी."

झोपाळा थांबला.  मोरेसाहेबांनी नाकारलं नाही, की आवाजही चढवला नाही.

"तू गेली असतीस तर ही जगली नसती," ते म्हणाले. "तूच बघितलं आहेस, दुसऱ्या बायका कशा करत होत्या ते. मी काय करायला हवं होतं?"

"मना इचारायचं होतं. ऱ्हातेस का म्हनून इचारायचं होतं."

"राहिली असतीस?"

 पहिल्या वर्षी विचारलं असतं तर सोना कदाचित हो म्हणाली असती. आई अंथरुणाला लागल्यावर विचारलं असतं तर नाही म्हणाली असती, आणि जाऊन परतही आली असती. पण हे साहेबांना सांगून आता काही होणार नव्हतं. ती आत गेली.

बनुबाई दाराकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तुमाला ठाव होतं, बाई?"

"मीच सांगितलं त्यांना तसं म्हणायला," बनुबाई म्हणाल्या. "कचेरीतून आले तेव्हा ते खुशीत होते. म्हणाले, काही भानगड नाही, सोना मोकळी आहे. मला त्या शब्दाचीच भीती वाटली." त्या थांबल्या, त्यांना दम लागत होता. "तुझ्या आईचं कळलं तेव्हा मी म्हटलं, आता जाऊ दे तिला. ते म्हणाले, आता कोणत्या तोंडाने सांगू? मग मीही गप्प बसले."

त्यांनी आपला हलता हात चादरीवरून तिच्याकडे सरकवला. सोना त्या हाताकडे पाहत राहिली. मग कुशीवर वळवायची वेळ झाली होती म्हणून तिने बनुबाईंना खांद्याखाली आणि कमरेखाली धरून वळवलं, पाठीशी उशी लावली आणि चादर नीट केली. हात तसाच राहिला.

संक्रांतीनंतर येसाजीच्या आळीतलं ते जोडपं निघणार होतं. सोनाने त्यांच्यासोबत जायचं ठरलं.

"तिकडं तुझं आता कोण आहे?" मोरेसाहेबांनी एकदा विचारलं.

"भाव हाय. तो नसला तरी गाव हाय."

मग मोरेसाहेबांनी सगळं मनापासून केलं. मद्रासपर्यंतची गाडी, पुढची बोट, मोलमेनच्या जुन्या सोबत्याला निरोप. तिच्यासाठी लोखंडी पेटी आणली, थंडीसाठी गरम शाल आणली. गावात बोलबाला झाला. मोऱ्यांनी मोलकरणीला पदरच्या खर्चाने मायदेशी पाठवायचं काढलंय, असं लोक एकमेकांना सांगू लागले. फौजदार मुद्दाम ओसरीवर येऊन बसला आणि म्हणाला, नोकरमाणसाला असं वागवणारा माणूस आम्ही पाहिला नाही. मोरेसाहेबांनी मान खाली घालून सुपारी कातरली. सोनाने फौजदाराला पाणी आणून दिलं.

नवी बाई यायची होती, ती आली नाही. ठकूबाईची कंबर धरली होती, तिला ओझं उचलवेना. साहेब रोज म्हणत, होईल काहीतरी. जायच्या दिवशी सकाळी हैबतीची गाडी अंगणात येऊन उभी राहिली, पेटी चढली, तेव्हा सोनाने त्यांना आतल्या खोलीत बोलावलं.

"साहेब, बाईंना वळवायची येळ झाली."

मोरेसाहेब पलंगापाशी आले. इतक्या वर्षांत ते रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन इथं बसत, वर्तमानपत्र वाचून दाखवत. बायकोला उचलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"हात कुठं लावायचा?" त्यांनी विचारलं.

सोनाने त्यांचं मनगट धरलं आणि हात बनुबाईंच्या खांद्याखाली सारला. दुसरा कमरेखाली लावला. "आदी मान सावरायची. मान सुटली की लय दुखतं त्यांना."

मोरेसाहेबांनी उचललं. खांदा वर आला, मान मागे पडली आणि बनुबाई कण्हल्या. सोनाचे दोन्ही हात पुढे गेले. ते पलंगाच्या कडेपर्यंत गेले आणि तिथे थांबले. तिने ते मागे घेतले आणि शालीत गुंडाळले.

"परत करा," ती म्हणाली. "हळू."

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा चुकलं. बनुबाई नवऱ्याच्या खांद्यावरून तिच्याकडे पाहत होत्या. त्या काही मागत नव्हत्या. सोनाने त्यांना वाकून नमस्कार केला, ठकूबाईच्या पाठीवर हात ठेवला आणि ती ओसरी उतरली. हैबतीने चादरी लावलेल्या नव्हत्या. ती पुढे त्याच्या शेजारी बसली.

बैल हलले. घराच्या आतून बनुबाईंचा आवाज येत होता. नव्या नोकराला समजवावं तसं त्या न रागावता, पुन्हापुन्हा सांगत होत्या.

"डावा हात. तो नव्हे, डावा."